कोडीवरचं स्वयंपाकघर

गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पद्मावतीअक्कांनी विचारलं, "तुमचं स्वयंपाकघर कुठं आहे हो?"

उपेंद्र सबनीस दिवाणावर उकिडवा बसला होता. स्टोव्ह, रेडिओ आणि बायको सुलभा, सगळं त्याच दिवाणावर. दारातल्या या बाई बांधापलीकडच्या जुन्या वस्तीतल्या. घरात मराठीच बोलणाऱ्या, पण पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात मुरलेल्या. मागे आणखी काही सुवासिनी, प्रत्येकीच्या हातात सूप, सुपात हळदकुंकू, बांगड्या, खण, नारळ. लोकांची घरं बुडताहेत आणि यांना पूजा सुचतेय! उपेंद्र खाली उतरला. तळपायाची आग मस्तकात गेली, पाण्यातसुद्धा.

यशवंतपूरच्या पलीकडे एका आटलेल्या तळ्यात भराव टाकून ही कॉलनी वसवलेली. राहणारे सगळे कारखान्यातले, पुण्या-मुंबईकडचे इंजिनियर. उपेंद्र सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून प्लॉट निवडायचा पहिला मान त्याचा. त्याने थेट तळ्याच्या बांधाला लागून असलेला कोपरा उचलला. तिथे बांधाला एक खिंड होती आणि तिच्यात घडीव दगडांची पक्की फरसबंदी. आयता पाया! त्याचा जन्म लेथ मशीनवर गेलेला; तो दगड बघूनच खूश झाला. त्यावर स्वयंपाकघर उठलं. ओटा सुलभाने स्वतः उभी राहून बांधून घेतला. दोन वर्षं पाऊस बेताचा झाला आणि सगळे सुखात राहिले.

"अक्का, पूजा देवळात करा. इथं माणसं बुडतायत."

"देवळात कशी करू? तळं भरलं की कोडीला बागिना, हे सुपातलं वाण, वाहायचं असतं. माझ्या सासूनं वाहिलं, तिच्या सासूनं वाहिलं." अक्कांनी सुलभाच्या ओट्याकडे बोट केलं. "कोडी ही तिथं. तळ्यातलं जास्तीचं पाणी तिथनंच सांडायचं. स्वल्प बाजूला व्हा बघू."

उपेंद्र बाजूला झाला नाही. तो ओट्यामागच्या खिडकीकडे बघत राहिला. खिडकीपलीकडच्या ओढ्यात घोटाभर पाणी. अलीकडे गुडघाभर. सकाळपासून सगळी कॉलनी सरकारच्या नावाने बोटं मोडत होती, आणि सगळ्यात चढा आवाज त्याचाच होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गप्प बसला असता, तर कॉलनीत कुणाला कळलं नसतं. पण आभाळ पुन्हा भरून आलं होतं. शेजारच्या रघुपतीची आई अंथरुणाला खिळलेली, आणि तिच्या खाटेच्या नवारीला पाणी लागलं होतं.

"सुलभा," तो म्हणाला, "भिंत पाडावी लागेल."

सुलभाला रडूच कोसळलं. रडता रडता तिने फळीवरचे डबे उतरवायला घेतले.

पहार रघुपतीने आणली. कारण ऐकल्यावर तो थेट घाव घालू लागला. भिंत गेली, तिच्यामागून खिडकी गेली, ओटा गेला, शेवटी निम्मं छप्परही गेलं. पाणी घरातून धो धो ओढ्याकडे धावलं. अक्कांनी वाहत्या पाण्यात सूप सोडलं, हात जोडले, "सरी, झालं" म्हणाल्या आणि बायकांना घेऊन निघून गेल्या. दिवस मावळायच्या आत घराघरांतल्या फरश्या दिसू लागल्या.

रविवारी सोसायटीची सभा भरली. ही जागा यापुढे कायम मोकळी राहील, असा ठराव उपेंद्रने मांडला. यच्चयावत हात वर झाले. सुलभासाठी टाळ्याही झाल्या.

सभा संपल्यावर रघुपतीने त्याला कडकडून मिठी मारली. "सबनीस, तुमच्यामुळे माझी आई वाचली. जन्मात विसरणार नाही." बोलताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. मग त्याने उपेंद्रला जरा बाजूला घेतलं.

"ती जागा आता मोकळीच राहणार ना? माझ्या मेव्हण्याला फार नको, दोनच खोल्या बांधायच्यात."