राजाच्या गालावरचा ओरखडा

नाण्यांचे व्यापारी एब्बे राउनकिल्ड यांनी नाणं कडेनं धरून दिव्याखाली तिरकं केलं आणि डोळ्याला भिंग लावलं. समोर बसलेल्या बोडिलनं मान खाली घातली. ओरखडा त्यांना दिसणारच होता. राजाच्या डोळ्याखालून निघून गाल चिरत दाढीपर्यंत गेलेला तो ओरखडा तिला डोळे मिटूनही कागदावर काढून दाखवता आला असता.

"नेमका गालावर आहे," अखेर ते म्हणाले. "मागच्या बाजूला असता तर एवढं बिघडलं नसतं. चेहऱ्यावरचा ओरखडा गिऱ्हाईक माफ करत नाही."

"किती फरक पडतो?" बोडिलच्या थोरल्या भावानं, ट्रोल्सनं विचारलं. वडील जाऊन महिना झाला होता आणि त्यांची नाणी विकायला दोघं आले होते.

"स्वच्छ असतं तर मीच दोन लाख क्रोनर दिले असते. आता पस्तीस हजार मिळाले तरी डोक्यावरून पाणी."

ट्रोल्स हसला. "ऐकलंस, बोडिल? बाबा काही उगीच बोलत नव्हते." मग राउनकिल्डांकडे वळून म्हणाला, "हिचा प्रताप. सात वर्षांची होती. बाबा कामावर गेले की त्यांचं कपाट उघडून दुकान-दुकान खेळायची. मीच पकडलं हिला. नाणं दगडी पायरीवर पडलेलं."

"मार बसला असेल."

"नाही," बोडिल म्हणाली. "भिंगातून दाखवलं त्यांनी."

खरंच, बाबांनी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. त्या दिवशी तिला स्टुलावर उभं करून त्यांनी भिंग तिच्या डोळ्याला लावलं आणि शांतपणे म्हणाले, "बघ. हे आपलं समुद्राकाठचं घर होतं. हे विकून घेणार होतो." मग दर उन्हाळ्यात शेजारपाजारची मंडळी गाड्या भरून आपापल्या उन्हाळी घरांकडे निघाली की आई खिडकीशी जाऊन उभी राहायची, आणि बाबा म्हणायचे, "माझ्याकडे काय बघतेस? बोडिलला विचार."

घराची वाट बघत आई गेली. त्यानंतर अकरा वर्षं बोडिल बेकरीतून सुटली की रोज बाबांकडे जायची. जेवण, कपडे, शेवटी शेवटी तर अंघोळही. ट्रोल्स नाताळला यायचा. तिनं कधी तक्रार केली नाही. आपण करतोय ती फेड आहे, असंच ती धरून चालली होती.

"हे अक्षर कुणाचं?" राउनकिल्डांनी नाण्याचं छोटं कागदी पाकीट उलटं केलं. मागे निळ्या शाईत लिहिलं होतं: कोपनहेगन, १९६१, क्र. २१४.

"बाबांचं."

ते उठले, मागच्या कपाटातून लिलावांच्या जुन्या याद्यांचा एक गठ्ठा त्यांनी काढला आणि त्यातली एकसष्ट सालची पिवळी पडलेली यादी उघडून टेबलावर ठेवली. पान नाण्यांच्या छायाचित्रांनी भरलेलं होतं. दोनशे चौदा क्रमांकावर तोच राजा होता. डोळ्याखालून दाढीपर्यंत तोच ओरखडा.

"'गालावर खोल ओरखडा,'" त्यांनी खालची ओळ वाचली. "'त्यामुळे बोली कमी.' बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय, एकशे चाळीसला गेलं. चांगलं असतं तर हजाराच्या खाली सुटलं नसतं."

बोडिल पानाकडे बघत राहिली. "एकसष्ट साली मी दोन वर्षांची होते," ती म्हणाली. "हे दुसरं एखादं नाणं असेल."

राउनकिल्डांनी नाणं छायाचित्राशेजारी ठेवलं आणि भिंग तिच्या हातात दिलं. तिनं एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. पापणीखाली ओरखड्याला एक बारीकसा फाटा फुटला होता. तो दोन्हीकडे होता.

"असा ओरखडा दोन नाण्यांवर एकसारखा उमटत नाही, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "तो होता म्हणूनच तुमच्या वडिलांना हे परवडलं."

पायरीवर पडण्याआधी नाणं कसं होतं, हे तिनं बघितलंच नव्हतं. तिला फक्त त्याचा मोठेपणा आवडला होता. त्या एका नाण्यात तिनं पाव म्हणून मांडलेल्या खड्यांचं अख्खं दुकान विकत घेतलं होतं.

"म्हणजे घर कधी नव्हतंच," ती म्हणाली. "आईला ते खिडकीत उभं करत राहिले, आणि घर नव्हतंच."

खालच्या रस्त्यावरून एक बस गेली आणि खिडकीची काच थरथरली.

"ट्रोल्स," तिनं भावाचा दंड धरला. "ऐकलंस ना तू? तो मी पाडलेला नाही. मी दोन वर्षांची असतानाच होता तो, काय माहीत कधीचा. मी काही केलं नव्हतं रे."

ट्रोल्सनं चष्मा लावला. यादीतलं चित्र बघितलं, नाणं बघितलं, पाकिटावरचं बाबांचं अक्षरही बोटानं पुसून बघितलं. मग चष्मा घडी करून खिशात ठेवला. बोडिल त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"पस्तीस म्हणालात ना? ठीक आहे, घ्या," तो राउनकिल्डांना म्हणाला. आणि उठून कोटाची बटणं लावता लावता बहिणीकडे न बघताच पुढे म्हणाला, "पण मुळात तू हात लावायलाच नको होता."