मेघाचे शेंगोळे

"तू यायलाच पाहिजे गं. माझे पाण्यात विरघळतात," मेघा सकाळी फोनवर म्हणाली होती. म्हणून विशाखा रविवार असूनही पडेगावला तिच्या नव्या फ्लॅटवर आली आणि आल्या आल्या बाह्या सारून पिठाच्या परातीपुढं बसली.

मेघाचे सासू-सासरे वैजापूरहून पहिल्यांदाच हे घर बघायला आले होते. सोबत दोन चुलत जावा होत्या. सासूबाईंना हुलग्याचे शेंगोळे आवडतात, म्हणून आज तोच बेत.

दोघी शेंगोळे शिकल्या त्या एकाच ठिकाणी, विशाखाच्या आईजवळ, भामाबाईजवळ. बी.एड.ला असताना मेघा हॉस्टेलच्या डब्याला कंटाळून दर रविवारी त्यांच्याकडं जेवायची. भामाबाई तिचा हात हातात घेऊन दाखवायची, "दाबू नको पोरी, नुसतं फिरव. पीठ आपलं आपण लांब होतं." जेवण झालं तरी मेघा उठायची नाही. पातेल्याच्या बुडाचा रस्सा भाकरीनं पुसून खायची.

आताही विशाखानंच वळले. लसूण-मिरचीच्या उकळत्या पाण्यात एकेक सोडला, शेवटचा गोळा पाण्यात कालवून रस्सा दाट केला. एकही शेंगोळा विरघळला नाही.

पानं मांडली. मेघाची सासू द्वारकाबाई पहिल्या घासालाच थांबली. "लई दिवसांनी असे खाल्ले गं. तू केले?"

"दोघींनी केले, आई. ही माझी मैत्रीण, विशाखा." मेघा जरा अडखळली. "विशाखा देशमुख."

विशाखाच्या हातात भाकरीची टोपली होती. बोलायच्या नादात चुकलं असेल, असं तिला वाटलं. तिनं मेघाकडं पाहिलं. मेघा खाली मान घालून, ताटात आधीच वाढलेलं मीठ पुन्हा वाढत होती.

"कुठले देशमुख?" सासरे आप्पासाहेब खूश होऊन म्हणाले. "फुलंब्रीचे का सिल्लोडचे? फुलंब्रीत आपली सोयरीक हाय."

"सिल्लोडचे," मेघाच घाईनं बोलली.

विशाखानं टोपली खाली ठेवली.

"नाही, काका. मी हिवराळे. विशाखा हिवराळे. हे शेंगोळे माझ्या आईचे आहेत. मेघा तिच्याकडंच शिकली."

आप्पासाहेबांनी एका बोटानं वाटी पुढं सरकवली, "मला पुरे," म्हणाले आणि हात धुवायला उठले. एक जाऊ आपल्या वाटीत बघत राहिली. दुसरीनं पाण्याचा तांब्या उगाच जवळ ओढला.

द्वारकाबाईच्या हातात अर्धा शेंगोळा होता. तिनं सुनेकडं पाहिलं.

"तू यांच्या घरी जेवत व्हती?"

"नाही, आई."

विचार करायलाही मेघा थांबली नाही.

"कधीच जेवले नाही मी तिथं. नुसतं वळायला शिकले."

विशाखा तिच्याकडं बघतच राहिली. आडनाव बदललं तेव्हा राग आला होता. आता राग आला नाही.

"मग न खाताच चव कळली व्हय तुला?" द्वारकाबाई म्हणाली. हातातला अर्धा शेंगोळा तिनं तोंडात घातला, सावकाश चावला. दुसरा मात्र घेतला नाही.

विशाखा स्वयंपाकघरात येऊन हात धुवू लागली. नखांत पीठ वाळलं होतं, लवकर निघेना. मागोमाग मेघा आली, दार लोटून घेतलं.

"तुला गप्प बसता येत नव्हतं?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी तुझ्यासाठीच बोलले. तुझा अपमान होऊ नये म्हणून."

"आडनावाचं जाऊ दे. तू जेवले नाही म्हणालीस."

मेघानं ओट्यावरचं फडकं उचललं, परत ठेवलं.

"तेवढं म्हणावं लागलं गं. मला यांच्यात राहायचंय. तुझं काय, तू आत्ता निघून जाशील." मग तिचा आवाज मऊ झाला. "उद्या घरी येते ना. मावशीला भेटते."

"नको येऊस," विशाखा म्हणाली आणि पर्स घेऊन बाहेर पडली. बैठकीतून जाताना कुणी थांब म्हणालं नाही, आणि जेवलीस का असंही कुणी विचारलं नाही.

रिक्षा क्रांती चौकात सिग्नलला थांबली तेव्हा भामाबाईचा फोन आला.

"झालं का गं जेवण?"

"झालं."

"सासूला आवडले का तिच्या?"

"लई आवडले."

"मग?" भामाबाईनं जरा थांबून, लाजल्यासारखं विचारलं, "कुणी शिकवले ते सांगितलं का मेघानं?"

विशाखानं बाहेर पाहिलं. शेजारच्या मोटारसायकलवर नवरा-बायकोच्या मध्ये बसलेलं लेकरू तिच्याकडं टक लावून बघत होतं.

"सांगितलं, आई. सगळ्यांसमोर. भामामावशीनं शिकवले म्हणाली."

भामाबाई फोन तोंडापासून दूर धरून शेजारणीला मोठ्यानं हाक मारू लागली, "सरिते! ए सरिते, ऐकलं का? वैजापूरच्या पाहुण्यांम्होरं माझं नाव घेतलं पोरीनं!"

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. विशाखानं फोन कानाला तसाच घट्ट धरून ठेवला.

"मी म्हणत नव्हते?" भामाबाई सरिताला सांगत होती, "जिवाची पोर हाय ती."