नायक बिघडतो तो भाग

“ती परदेशी मालिका सहाव्या भागानंतर बघू नका हं तुम्ही दोघी बहिणी. पुढे तो नायक पार कामातून जातो,” असं जाऊबाईंनी भांडी पुसता पुसता सांगितलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. तो बेकरीवाला? तो तर अगदी गरीब गाय. नायिका बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करायला पाना घेऊन बसायची आणि हा मुकाट्याने टॉर्च धरून उभा. सबंध पहिल्या भागात त्याने दुसरं काही केलं नव्हतं. असला माणूस कुठे बिघडायचा?

आता अकरावा भाग चालू होता. बाळ मांडीवर झोपलं होतं, म्हणून टीव्हीचा आवाज बंद आणि डोळे खालच्या अक्षरांवर. फोन कानाशी. दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या शहरात, धाकटी बहीण आपल्या टीव्हीसमोर. दोघी फोनवर ‘एक, दोन, तीन’ म्हणून भाग एकदम सुरू करायच्या, म्हणजे रडायचं तरी बरोबर आणि हसायचं तरी बरोबर.

“आज कामाच्या दिवशी तू घरी कशी गं?” तिने विचारलं.

“असंच. तू बघ ना, पुढचं येतंय.”

पुढचं आलं. बेकरीवाल्याने नायिकेच्या खांद्यावरून तिची पान्यांची पिशवी ओढून घेतली, तरातरा पुलावर गेला आणि ती नदीत फेकून दिली. आजपासून लिफ्टबिफ्ट बंद, म्हणाला, मला तुझ्या जिवाची भीती वाटते. बर्फ पडायला लागला. इकडचा टीव्ही मुका होता, तरी धाकटीकडचा पियानो फोनमधून ऐकू येत होता. आणि ती बाई, लिफ्टच्या काळ्याकुट्ट विहिरीत दोराला लटकून काम करणारी, ती रडत रडत चक्क त्याच्या गळ्यात पडली.

संतापाने थोरलीची मांडी हलली. बाळाने कपाळाला आठ्या घातल्या. ती श्वास धरून बसली, आणि आठ्या गेल्यावर कुजबुजली, “डोकं फिरलंय का याचं? पिशवी हिची, काम हिचं. आणि ही गळ्यात काय पडते? माती केली लिहिणाऱ्याने सगळ्याची.”

“तुला सगळ्यातच खोट दिसते, ताई.”

“टॉर्च धरणारा माणूस कुठे गेला मग?”

“तोच तर आहे. काळजी वाटते त्याला.”

“वा. भीती याला वाटणार आणि घरी बसायचं हिने.”

पियानो चालूच होता.

“ह्यांनी नुसता आमच्या सरांना फोन केला,” धाकटी म्हणाली. “फेकलं-बिकलं काही नाही.”

“कुठल्या सरांना? लॅबच्या?”

“हो. ही आता येणार नाही म्हणून सांगितलं. मला बोलायला जड गेलं असतं ना. बरोबरच आहे त्यांचं. मला यायला उशीर होतो, हे जीव टांगून बसतात.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“मी काय म्हणणार. बरंच झालं. दुपारचं बघायला तरी मिळतं तुझ्याबरोबर.”

रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून माणसाचं काय बिनसलंय ते ओळखणारी मुलगी ती, आणि दुपारचा टीव्ही बघायला मिळतो म्हणून बरं झालं म्हणत होती.

“हे बघ,” थोरली म्हणाली, आणि आवाज खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. “असल्या माणसाजवळ एक दिवस राहू नये. बॅग भर. तू स्टेशनवर उतर, मी कोणालातरी न्यायला पाठवते.”

“कोणाला न्यायला, ताई?”

आवाज धाकटीच्या नवऱ्याचा होता. मऊ, हसरा, अगदी जवळून आलेला. म्हणजे फोन तिकडे पहिल्यापासून स्पीकरवर होता. म्हणजे ‘बरोबरच आहे त्यांचं’ हे तिला सांगितलेलंच नव्हतं, त्याला ऐकवलेलं होतं.

“नायिकेला,” ती म्हणाली.

तो मनापासून हसला. “तुम्ही पण ना, ताई. किती मनाला लावून घेता. तुम्ही बाळाकडे बघा. शेवट गोडच असतो या मालिकांचा.” धाकटीही हसली. त्याचं हसू संपल्यावर.

फोन बंद झाला. तिने परत लावला, परत लावला. लागला नाही. टीव्हीवर बारावा भाग आपोआप सुरू झाला होता. नायिका ॲप्रन बांधून बेकरीत उभी होती आणि येईल त्या गिऱ्हाइकाला हसून पाव देत होती.

बाळ जागं होऊन रडायला लागलं. त्याला खांद्यावर टाकून तिने नवऱ्याला फोन केला. तो मीटिंगमधून बाहेर येऊन म्हणाला, “अगं, नवं लग्न आहे. चालायचंच. शनिवारी जाऊन येऊ हवं तर.”

शनिवार अजून लांब आहे. तोवर, तुम्ही धाकटीच्या इमारतीत राहत असाल, तर एवढं करा. सकाळी पांढरा कोट हातावर टाकून घाईघाईने जिना उतरणारी एक सडपातळ मुलगी होती, हल्ली दिसत नाही. तिची बेल वाजवा. वाटीभर साखर मागा. दार तीच उघडते का बघा. तिच्या मागे कोणी उभं असेल तर काही विचारू नका, साखर घेऊन परत या. आणि उद्या पुन्हा काहीतरी मागायला जा.