ईजपाखराचा नेम

"याले चार पाय काहून नाहीत?" फाशांच्या खेळासाठी वैभवीनं काढलेलं चित्र श्रेयांसनं उलटंसुलटं करून पाहिलं.

"दोनच असतात. पुढच्या पायाच्या जागी पंख," वैभवी म्हणाली. "ईजपाखरू नाव त्याचं. तोंडातून इज सोडते. आन पह्यला नेम पायाळूवर."

गणेश खो-खो हसला. "म्हंजे तूच मरशीन पह्यली!"

हसायला काय जातं त्याचं! दोघं जुळी, वैभवी अर्ध्या तासानं मोठी. पण आई सांगायची, ती पायाळू, पायांकडून जन्मलेली, आणि अशा माणसाला वीज हुडकत येते म्हणतात. अनसिंगच्या शिवारातल्या त्यांच्या घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत दीड किलोमीटर उघडं रान. बारावीला गणेशपेक्षा अठरा टक्के जास्त मिळवूनही वैभवीचा वाशिमच्या कॉलेजचा फॉर्म तसाच पडून होता. गणेशची सोय मात्र वाशिमला मामाकडे झाली. तिथं जागा एकाचीच. उद्या शेवटची तारीख, आणि वैभवीच्या अंगाची नुसती लाही होत होती.

बरं, पायाळूचा गुण तरी दिसावा! पायाळूची लाथ बसली की पाठदुखी पळते म्हणून गावातल्या बायका यायच्या. एकीचीही पळाली नाही. आईची, संगीताबाईंची पाठ धरली की त्या गणेशलाच पाय द्यायला लावायच्या. लेकीचा पाय आईला लागू नये म्हणे. आभाळ आलं की गणेशलाही त्या घरात बोलवून घ्यायच्या. पोरगी एकटी भिते म्हणे. भितं कोण इथं?

आत्ताही त्या ओसरीच्या कोपऱ्यात सूप घेऊन डाळ निवडत होत्या. बाहेर अंधारून आलं होतं.

खेळ सुरू झाला. सूत्रधार श्रेयांस. त्याच्या वडिलांचं गावात किराणा दुकान, आणि हे फासे त्यानंच मागवलेले. गणेश ढालवाला सरदार, वैभवी राणी. राणीच्या कागदावर तिनं स्वतःच ठसठशीत लिहिलं, पायाळू.

"इज कोणावर पडते ते फासा सांगीन. सहापैकी पाच आकडे राणीचे, एक सरदाराचा," श्रेयांस म्हणाला. "राणी, गुहेत लपतं का?"

"नाही. टेकडीवर उभी राहीन. त्याले म्हणा, ये."

फासा पडला. वीज सरदारावर. पुन्हा टाकला, पुन्हा सरदारावर. तिसऱ्यांदाही गणेशचीच ढाल जळाली.

"फासाच खोटा हाय बे तुहा!" गणेश चिडला.

संगीताबाईंचे हात सुपात थांबले. "बंद करा तो खेळ. इजेचं नाव नका घेऊ घरात."

"माय, उद्या मी वाशिमले जाऊन राह्यली. फॉर्म भराले."

"पायाळू पोट्टी, अन् पावसाळ्याची रानातून जाशीन?"

"जाऊन दाखवीन."

"आन इज पडली त?"

"पडू दे! अठरा वर्सं तिच्या भेवानं घरात बसली मी. आता पाहूच दे एकदा तिले."

तेवढ्यात आभाळ कडाडलं. वैभवी उठली, चित्र हातात घेऊन अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. टपोरे थेंब पडायला लागले. तिनं कागद डोक्यावर धरला.

"ये ना! मी हाय पायाळू! इथं हाय!"

"वैभे, नाटकं नको करू. आत ये," संगीताबाई जागेवरूनच म्हणाल्या. हातातला खडा त्यांनी ओसरीखाली टाकला.

"अवं, येडी झाली का तू!" गणेश तिला ओढायला अंगणात धावला.

सूप पालथं झालं. डाळ ओसरीभर सांडली. संगीताबाई किंकाळी फोडून अनवाणी धावत आल्या. आईला इतकं घाबरलेलं वैभवीनं कधी पाहिलं नव्हतं. आपल्यासाठी आई अशी धावते, हे पाहून तिचा सगळा राग विरघळला आणि तिनं हात पुढे केला.

तो हात बाजूला सारून संगीताबाई पुढे गेल्या. त्यांनी गणेशला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि ओसरीकडे फरफटत नेलं.

"आत हो, गण्या! पायाळू तू हायेस रे, तू!"