सुगोई, सुगोई!

"नाव घेतल्याशिवाय सुटका नाही हं!" हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी माझ्या नव्या सुनेला घेरलं. सकाळी मी घोकून घेतलेला उखाणा ती साफ विसरली होती. मलाच घाम फुटला. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याला नावाने हाक मारत होती आणि मला "अहो, ऐकता का" म्हणत होती. "आई" काही तिच्या तोंडून निघतच नव्हतं.

तिने डोळे घट्ट मिटले.

"मीममधली मांजर म्हणते, सुगोई, सुगोई!
निनादचं नाव घेते, सोडवा मला, आई!"

"सुगोई म्हणजे गं काय?" शेजारच्या देसाईवहिनींनी विचारलं.

"भारी! जपानी कार्टूनमध्ये म्हणतात. आता मीमवर सगळेच म्हणतात."

दुसऱ्या दिवशी भिशीच्या ग्रुपवर प्रत्येकीचा तिळगूळ सुगोई झाला, वहिनींच्या गुडघ्याचा एक्सरेसुद्धा. मी मात्र स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत बसले होते. कालची हाक यमक जुळवायला होती की मनापासून, तेच कळत नव्हतं.

"आई, तेल कुठंय?"

तेलाची बाटली तिच्या हाताशीच होती. मी उठून ती तिला दिली.