भज्यांच्या टपरीसमोरचा फॉल्ट

नवरा गेल्यापासून शालिनीबाई स्वतः गाडी चालवत आणि गाडी रोज त्याच भज्यांच्या टपरीसमोर बंद पडे. लेकीने बजावलं होतं, "दुरुस्त कर, नाहीतर विकून टाक."

दस्तगीर मेकॅनिकने इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या चारही इंजेक्टरना मीटर लावला. कॉइल शाबूत, वायर शाबूत.

"काकू, गाडीच इंजेक्टरचा करंट तोडतेय. चालवणाऱ्याच्या सवयी ती पाठ करते ना! काका तिथं इंजिन बंद करायचे का?"

"छे! तेव्हाही बंदच पडायची. इंजेक्टरमुळे उशीर झाला, म्हणायचे."

बोलता बोलता बाई थबकल्या. डॉक्टरांनी नवऱ्याचं तळलेलं बंद केल्यावर घरात पापडसुद्धा त्या भाजूनच वाढत. तरी त्यांच्या शर्टाला तेलाचा वास यायचा. तो गॅरेजचा, असं ते सांगत आणि बाईंना ते पटे.

"गाडीची आठवण पुसून टाकू? मग नाही बंद पडणार."

"नको रे," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्याशी खोटं बोलणारं आता एवढंच उरलंय."

दस्तगीरने मीटर गुंडाळला आणि बाईंच्या लेकीला फोन लावला.

"ताई, इंजेक्टरचाच फॉल्ट आहे. पार्ट कुठं मिळत नाही. आणि विकायचं म्हणाल, तर असली गाडी कुणी घेणार नाही."