मंजुळाकाकूचं अंगण लख्ख झालं

मोजणीच्या साहेबांनी मंजुळाकाकूचं अंगण गावात सगळ्यात स्वच्छ ठरवलं आणि काय ते लिहूनही नेलं. पण ते राहू द्या. साहेब आलेच नाहीत, त्यांनी काही लिहिलंच नाही, असं धरून चालू.

तर सुंदररावतात्या शेजारच्या भिंतीवर कोपरं टेकून बघत होते आणि उत्तरेश्वर मंजुळाकाकूच्या अंगणातलं काट्यांचं कुंपण ओढून काढत होता.

"कावून करता बे हे फुकट?" तात्यांनी विचारलं.

"समाजसेवा हाय, तात्या."

"समाजाला इचारलं का पण?"

त्याच्या जोडीला आलेला बजरंग हसला. उत्तरेश्वर हसला नाही. कॉलेजच्या शिबिरात एका पाहुण्यांनी तरुणांना गावासाठी घाम गाळायला सांगितलं होतं, तेव्हापासून त्याने हसणं कमी केलं होतं. पाहुण्यांना स्वतःला घाम सोसत नव्हता, त्यांची गाडी आतून थंड राहावी म्हणून भाषण संपेपर्यंत चालूच होती. पण विचार चांगला होता. धारूरच्या घाटाखालचं हे गाव, निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली. त्यांची अंगणं विनामूल्य साफ करायची, असं पोरांनी ठरवलं.

पहिला मान मंजुळाकाकूचा. कारण गावठाणाची मोजणी लागली होती. काकूची एक खोली आणि तिच्यापुढचं हे भलंमोठं अंगण, दोन्हीला कागद नाही. टोळीबरोबर सांगलीकडे निघताना ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसून ती उत्तरेश्वरला म्हणाली होती, "खोली कोन नेतंय? अंगणावर नाव लागलं पायजे. पोराला तिथं एक खोली काढायचीय, न्हाईतर सून नांदायची न्हाई. साहेब आले की तू तेवढा हुभा राहा, बाबा."

नुसतं उभं राहणं उत्तरेश्वरला पटेना. साहेब येणार आणि त्यांच्यासमोर काय, तर उकिरडा! शेजारी शेळ्यांचे मोडके खुंटे, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांची गंज, काळीठिक्कर चूल. असल्या घाणीवर साहेब कुठल्या तोंडाने बाईमाणसाचं नाव लिहितील?

"उकिरड्याला हात लावू नका," तात्या भिंतीवरून म्हणाले. "तिच्या सासऱ्यापासून हाय तो."

"मग लईच शिळा झाला."

"खुंटं तरी राहू द्या."

"तात्या, तुमाला कुणाचं चांगलं बघवत न्हाई का?"

"न्हाई बघवत," तात्या म्हणाले आणि आत गेले.

तात्यांचं आणि काकूचं त्या अंगणावरून बरीच वर्षं वाजत होतं, हे गावाला माहीत होतं. त्यामुळे तात्यांनी नको म्हटलेली वस्तू पोरांनी दुप्पट जोराने उपटली. चूल तर बजरंगने एकट्याने फोडली आणि फोडताना भिंतीकडे बघितलं.

खणलेला उकिरडा टाकायचा कुठे, हा प्रश्न पडला. तेव्हा तात्या स्वतःच आले. तोंड पडलेलं.

"माझा ट्रॅक्टर न्या," ते म्हणाले. "टाका माझ्या रानात. काय करता, आता उपसलाच हाय तर."

बजरंगने लगेच किल्लीसाठी हात पुढे केला.

"अन् काम हुईस्तोवर ट्रॅक्टर इथंच लावा अंगणात. रोज ने-आण कोन करील? डिझेल काय आडात लागलंय का?"

"बघितलं का बे?" तात्या गेल्यावर उत्तरेश्वर म्हणाला. "सेवेनं मानूस बदलतो." त्याचा आवाज जड झाला होता. धुळीमुळेही असेल.

अंगण झालं. बजरंगने बहिणीला बोलावून सडा घातला, रांगोळी काढली. रांगोळीत 'सुस्वागतम' लिहिलं.

मोजणीच्या आदल्या दिवशी काकूचा उसाच्या फडातून फोन आला.

"अंगण ठीक हाय ना रं?"

"काकू, तुमी वळखणार न्हाई."

"माझंच अंगण मी न्हाई वळखनार? सगळं जिथल्या तिथं राहू दे, बाबा. कशाला हात लावू देऊ नको कुनाला."

"एकदम जिथल्या तिथं हाय," उत्तरेश्वर म्हणाला आणि बजरंगला डोळा मारला. काकूला आल्यावर चकित करायचं ठरलं होतं.

साहेब आलेच शेवटी. गाडीतून उतरले, चष्मा पुसला.

"वा! अख्ख्या गावात इतकं स्वच्छ अंगण बघितलं नाही. कुणाचं?"

"मंजुळाकाकूचं!" पोरं एका सुरात ओरडली.

"कागद?"

"न्हाई, साहेब."

"हरकत नाही, गावठाणात कागद कुणाकडे असतो? वहिवाटीची खूण दाखवा. खुंटे, गंज, चूल, काहीही. ज्याचा उकिरडा त्याची जागा, एवढं सोपं आहे."

उत्तरेश्वरने अंगणभर नजर फिरवली. नजर कुठेही अडकली नाही, इतकी सफाई झाली होती. मग अडकली.

"ट्रॅक्टर कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"माझा," तात्या भिंतीला वळसा घालून आले. "हितंच लावतो, साहेब. मी सांगतो म्हणून नगा लिहू. पोरांना इचारा, शिकलेली हायेत, खोटं बोलायची न्हाईत. काल कुठं हुता, परवा कुठं हुता."

साहेबांनी पोरांकडे बघितलं.

"हितंच हुता," बजरंग म्हणाला.

साहेबांनी लिहून घेतलं. सुस्वागतमवरून जपून पाय टाकत ते पुढच्या घराकडे गेले.

उत्तरेश्वरने दुसऱ्याच दिवशी तालुक्याला जाऊन अर्ज दिला. त्याचा शेवट असा: 'सदर अंगणात श्रीमती मंजुळाबाई यांच्या वहिवाटीच्या सर्व खुणा होत्या व त्या आम्ही समाजसेवा म्हणून विनामूल्य नष्ट केल्या आहेत. तरी मोजणी पथकाने सदर जागेची फेरपाहणी करण्यासाठी आम्ही ती साफ करण्याच्या आदल्या दिवशी यावे, ही नम्र विनंती.'